एका ऑक्सिजनचा फरक

नंदुरबार,
१२ नोव्हेंबर १९३८

गुलाब,

मी मोठी बहीण, म्हणून आशीर्वाद आधी. राग नंतर.

अडीच वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. माझ्या अमरचंदच्या लग्नात तू आणि हुकमीचंदजी पंगतीतून उठून गेलात, त्याविषयी मी काही लिहिणार नाही. तुझ्या पुतणीची, जसोदाची, पत्रिका अमरचंदशी जुळत नव्हती. तेव्हा हेच सांगितलं, आजही हेच सांगते. विषय संपला.

पत्राला कारण काही नाही. सहज लिहावंसं वाटलं. पापड पाठवते आहे, उडदाचे. जळगावचे पापड तुला कधी आवडले नाहीत.

घरात एक गंमत चालली आहे ती लिहिते. आमच्याकडे दिवलीबाई भांड्यांना येते. तू इकडे यायची थांबलीस त्यानंतर लागली, म्हणून तुला ठाऊक नाही. परवा ती राखेचे हात तसेच घेऊन माझ्याकडे आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, तुम्हनी वहू चुल्हापुढे बठीसन काय मंतर म्हनी ऱ्हायनी? माले भ्याव लागी ऱ्हायना."

मी दाराआड उभी राहून ऐकलं. सूनबाई कंचन भाकरी थापत होती आणि प्रत्येक थापेला एक शब्द बोलत होती. सल्फेट. नायट्रेट. कार्बोनेट. फॉस्फेट. भाकरी उलटली की पुन्हा पहिल्यापासून.

मी विचारलं, "हे काय गं?"

ती दचकली नाही की लाजली नाही. म्हणाली, "अभ्यास, सासूजी. मॅट्रिकचा."

तिच्या वडिलांचं तुला ठाऊक आहे, अमळनेरला गिरणीत कारकून. लग्न ठरलं तेव्हा मुलगी इंग्रजी सहावीत होती. ते आमच्या शेठजींना म्हणाले होते, लग्नानंतर एवढी एक परीक्षा देऊ द्या. शेठजी म्हणाले होते, "पाहू." आता तू बाजारपेठेत वाढलेली आहेस. व्यापाऱ्याचं 'पाहू' म्हणजे काय ते तुला कळतं. पण त्या बापाने आणि पोरीने ते 'हो' म्हणून घरी नेलं आणि अडीच वर्षं जपून ठेवलं.

बाकी ठीक. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

तुझी जीजी,
भंवरी

नंदुरबार,
२ डिसेंबर १९३८

गुलाब,

कार्ड मिळालं. 'पापड पोचले. इकडे ठीक.' तारेलाही याहून जास्त शब्द असतात. पण कडेला आडवं लिहिलं आहेस, 'ती पुटपुटते ते नक्की काय असतं?' म्हणजे तुझी खोड गेलेली नाही. मग ऐक.

शास्त्राच्या पुस्तकात त्याला रॅडिकल म्हणतात, मराठीत मूलक. मला आधी काही केल्या कळेना. कंचन पिठात बोटाने काढून दाखवत होती, गंधकाचा एक ठिपका आणि भोवती ऑक्सिजनचे चार. "हे पाच मिळून एक सल्फेट, सासूजी. तांब्याबरोबर गेलं की मोरचूद, लोखंडाबरोबर गेलं की हिराकस. जोडीदार बदलतो, हे पाच जण फुटत नाहीत."

मी म्हटलं, असं कसं होईल, घर बदललं की माणसं फुटतातच.

दिवलीबाई कोपऱ्यात भांडी पुसत होती. ती म्हणाली, "मन्हा भाऊनी टोळी फुटत नई ना बाई." तिचा भाऊ करमसिंग दरसाल सातपुड्यातून कापणीला माणसं घेऊन उतरतो. रनाळ्याला एका शेतावर, तिथून धानोऱ्याला दुसऱ्या. मालक बदलतो, पण टोळी तीच, आणि सगळीकडे तिला करमसिंगची टोळी असंच म्हणतात. कंचनने पिठाचे हात तसेच जोडले आणि म्हणाली, "बस, हेच! पुस्तकात दोन पानं आहेत याची."

तेव्हापासून मला ते समजलं आहे आणि समजलं म्हणून आता चैन पडत नाही. सोरा म्हणजे पोटॅशियमबरोबरचं नायट्रेट. धुण्याचा सोडा म्हणजे कार्बोनेट. इतकी वर्षं आमच्याच दुकानातून या वस्तू पुड्यांत बांधून गेल्या आणि आम्हाला नावं ठाऊक नाहीत! मराठी पुस्तकात गंधकित, नत्रित, कर्बित अशी नावं आहेत. मला ती जास्त आवडतात, घरच्यासारखी वाटतात. पण पेपरात इंग्रजी लागतात म्हणे.

अवघड आहेत ती जुळी नावं. सल्फेट आणि सल्फाइट. नायट्रेट आणि नायट्राइट. 'एट'कडे ऑक्सिजन जास्त, 'आइट'कडे एक कमी. बाकी घर तेच. मी कंचनला म्हटलं, म्हणजे मी सल्फेट आणि जळगावची गुलाबमावशी सल्फाइट. ती इतकी हसली की भाकरी करपली.

रागावू नकोस. तुझ्याकडे एक कमी आहे म्हणजे काय कमी आहे ते मी लिहिलेलं नाही.

जीजी

नंदुरबार,
७ जानेवारी १९३९

गुलाब,

तुझं चार पानी पत्र आलं. सल्फाइट कुणाला म्हणायचं याबद्दल तू दोन पानं लिहिलीस, त्यातलं निम्मं तरी खरं असेल. जसोदाचं लग्न अजून जमत नाही हे वाचून वाईट वाटलं. ते मनापासून लिहिते आहे.

इथे काल जे झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

सुरतेहून एक एजंट आला होता. उसाला घालायचं विलायती खत आहे, पांढरं, साखरेसारखं. नाव अमोनियम सल्फेट. शहाद्याकडच्या ऊसवाल्यांना ते हवं आहे, तेव्हा शेठजींनी दुकानात ठेवावं असं त्याचं म्हणणं. शेठजींनी चिमूटभर हातावर घेतलं, वास घेतला आणि म्हणाले, "हा तर नवसागर दिसतो. तो आहेच माझ्याकडे. मग हे कशाला?" एजंटला धड सांगता येईना. तो नुसता "शेठ, माल एकदम सरस छे" म्हणत राहिला.

अमरचंद हळूच म्हणाला, "बापूजी, घरात विचारू या का?"

घरात म्हणजे कुणाला, ते शेठजींना कळलं. तुला आपली रीत ठाऊक आहे. लग्नाला अडीच वर्षं झाली, तरी कंचन त्यांच्यासमोर घूंघट ओढूनच येते आणि त्यांच्याशी एक शब्द बोलत नाही. म्हणून शेठजी बैठकीत, ती माजघराच्या दाराआड आणि मध्ये उंबऱ्यावर मी. अशी आमची शाळा भरली.

शेठजी मला म्हणाले, "तिला विचार, नवसागर आणि हे एकच का?"

मी मागे वळून विचारलं. कंचन माझ्या कानात कुजबुजली. मी पुढे वळले आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "एक नाही. अमोनियम दोन्हींत आहे. पण नवसागरात त्याच्याबरोबर क्लोराइड असतं आणि यात असतं सल्फाइट."

"सल्फेट!"

मागून आलं ते. कुजबुज नव्हे, खणखणीत. पार रस्त्यापर्यंत गेलं असेल. एजंटच्या बशीतला चहा त्याच्या धोतरावर सांडला. अमरचंद आढ्याकडे पाहू लागला. कंचनने माझा पदर मागून असा घट्ट धरला की मला मान हलवता येईना. मला वाटलं, संपली हिची परीक्षा आणि माझीही.

शेठजींनी हातावरचं खत बोटाने चाळवलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तिला विचार, एट की आइट?"

"एट," मी म्हटलं.

"फरक किती?"

कुजबुज. "एका ऑक्सिजनचा."

"एका ऑक्सिजनसाठी सासऱ्यासमोर बोलली?"

आणि मग गुलाब, पदर सोडून ती बोलली. हळू, पण स्पष्ट. "सासूजी, त्यांना सांगा, एवढ्याने वस्तूच बदलते. पोत्यात भलतंच आलं तर ऊसवाला नाव आपल्या दुकानाचं घेईल."

शेठजींनी हातावरचं खत कागदावर झटकलं. म्हणाले, "तिला म्हणावं, मला थेट सांग. तू मध्ये चुका करतेस."

मी जागची हललेच नाही. कंचन माझ्या शेजारून पुढे आली. घूंघट तसाच होता, पण त्यातून तिने सगळं समजावलं. नवसागरात एक अमोनियम आणि एक क्लोराइड. खतात सल्फेटला दोन हात, म्हणून त्याला दोन अमोनियम लागतात. शेठजींनी दोनदा विचारलं, तिने दोनदा सांगितलं. एजंट आपलंच खत पहिल्यांदा पाहावं तसं पाहत होता.

एजंट गेल्यावर शेठजी जेवायला बसले आणि वरणाचा भुरका मारून म्हणाले, "परीक्षा कधी असते म्हणे?"

मी मीठ वाढायला विसरले आणि ते मागायला विसरले.

जीजी

नंदुरबार,
२२ जानेवारी १९३९

गुलाब,

तिळगूळ मिळाला असेल. गोड बोल, कारण आता मी मागणार आहे.

परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. अमरचंदने फीसुद्धा भरली. केंद्र जळगावचं आलं आहे, मार्चमध्ये, सात-आठ दिवस. शेठजींची एकच अट आहे. सून धर्मशाळेत उतरणार नाही आणि परक्या घरी राहणार नाही. आपल्या माणसांत राहील तरच जाईल.

जळगावात आपलं माणूस कोण आहे ते तुला ठाऊक आहे.

मी नोव्हेंबरात पहिलं पत्र लिहिलं तेव्हा हे माझ्या मनात नव्हतं. होतं, थोडंसं. पण तुझं चार पानी पत्र आल्यावर ते मी पार विसरले होते, हेही खरं मान.

आमच्या शेठजींनी हुकमीचंदजींना लिहावं असं तुला वाटत असेल तर ते लिहितील. मी बसवून लिहून घेईन. तू नाही म्हणालीस तर कंचनला मी काही सांगणार नाही, जळगावात जागा मिळाली नाही एवढंच सांगेन. पण ती आता भाकरी थापताना पुटपुटत नाही, मोठ्याने म्हणते. आणि दिवलीबाई घासलेलं पातेलं पालथं घालताना तिच्यामागून म्हणते, "नायट्रेट." तेवढं ऐकलं असतंस तर नाही म्हणाली नसतीस.

जीजी

नंदुरबार,
१८ फेब्रुवारी १९३९

गुलाब,

तुझं 'येऊ दे' वाचलं आणि देवळात जाऊन आले. त्याखालच्या अटीही वाचल्या. कंचन पाहुणी म्हणून राहणार नाही, घरातली म्हणून काम करील. कबूल. जसोदाकडे कुणी कीव करून पाहायचं नाही. कबूल, आणि कंचनला ते सांगावंच लागणार नाही. पत्रिकेचा विषय मी पुन्हा काढायचा नाही. हेही कबूल, पण मग तूही काढू नकोस.

आता माझं ऐक. पेपर संध्याकाळी सुटला की ती दमून येईल आणि सूर्य मावळायच्या आत जेवायचा आपला नेम मोडेल. तू ताट वाढूनच ठेव, तिने हातपाय धुवायच्या आधी. सकाळी तिला क्लोराइड आणि क्लोरेट विचार. एवढ्या दोघांत अजून घसरते. क्लोराइडला ऑक्सिजन नाहीच, क्लोरेटला तीन. बायकार्बोनेट आणि कार्बोनेट तिला पाठ आहे, विचारून त्रास देऊ नकोस.

आणि घाबरली तर ती गप्प होत नाही, जास्त बोलते. बोलू दे.

अमरचंद पोचवायला येईल. त्याच्यावर राग धरू नकोस, लग्नात त्याचा काही दोष नव्हता.

जीजी

नंदुरबार,
३१ मार्च १९३९

गुलाबबाईंना,

परीक्षा संपून आज दहा दिवस झाले. अमरचंद आणायला आला होता, त्याला तुम्ही एकट्यालाच परत पाठवलंत. 'आणखी थोडे दिवस राहू द्या' एवढाच निरोप. का, ते नाही.

घरात पापडाचं पीठ भिजून पडलं आहे. शेठजी रोज विचारतात, गाडी किती वाजता येते. दुकानात खताची पोती आली आहेत. गिऱ्हाईक काही विचारतं तेव्हा शेठजी म्हणतात, "थांबा, घरातून विचारून सांगतो," आणि मग घरात येऊन माझ्याकडे पाहतात. मी काय सांगणार?

मी तुझ्याकडून मुलगी घेतली नाही, म्हणून तू माझी सून ठेवून घ्यायचीस, असा हिशेब असेल तर तो मला मान्य नाही. ती माझी आहे, गुलाब.

भंवरीबाई

नंदुरबार,
९ एप्रिल १९३९

गुलाब,

कंचन काल आली. माझं मागचं पत्र फाडून टाक. फाडलं नसशील, मी तुला ओळखते. निदान हुकमीचंदजींना तरी दाखवू नकोस.

तिने सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी जसोदा तिच्याशी बोललीच नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्वयंपाकघरातून क्लोरेट विचारलंस, कंचन चुकली आणि विहिरीवरून जसोदाने बरोबर उत्तर दिलं. आदल्या संध्याकाळी ती दाराआडून कंचनचं पाठांतर ऐकत होती. मग जसोदा म्हणाली, "भाभी, मला पहिल्यापासून सांगाल?"

परीक्षा संपली तरी तिला ती नावं पुरी करायची होती. म्हणून तू कंचनला ठेवून घेतलंस. एवढं एक ओळीत लिहिलं असतंस तर मी इतके दिवस तळमळले नसते. पण तू लिहिणार नाहीस. का, ते मला ठाऊक आहे. जसोदाला अभ्यास करायचा आहे हे कागदावर लिहिलं असतंस तर तुला ते तुझ्या घरात बोलावंही लागलं असतं.

कंचन म्हणाली, "सासूजी, जसोदा माझ्यापेक्षा हुशार आहे. तिने दोन हातांची सगळी मूलकं एका दिवसात पाठ केली." मला ऐकून कसंतरी झालं. वाईट नव्हे. कसंतरी. ही पोर माझ्या घरात आली असती तर चुलीपुढे गप्पच बसली असती. तिला हे शब्द कुणी ऐकवलेच नसते. मी तरी कुठून ऐकवले असते?

तू कंचनच्या ओटीत घातलेली साडी फार चांगली आहे. रंग मोरचुदाचा आहे असं ती म्हणते.

जीजी

नंदुरबार,
१२ जून १९३९

गुलाब,

निकाल तुला कळला असेल, तरी माझ्याकडून ऐक. अमरचंद स्टेशनावरून वर्तमानपत्र घेऊन आला. ओसरीवर पसरून आम्ही नंबर शोधला. दोनदा, तीनदा. कंचनचा नंबर नव्हता. ती आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली. कुणाशी बोलली नाही. तिला इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. मलाही जवळ जाववेना.

काल गुणांचा कागद आला. शास्त्रात शंभरात एकाहत्तर! इंग्रजी पास, गणित पास, मराठी, इतिहास सगळं पास. गेली ती एकट्या अर्धमागधीत. एका विषयात गेली म्हणजे सगळी परीक्षाच गेली.

शेठजींनी कागद हातात घेतला. रोज सकाळी देवळात पूजा करणारे, पर्युषणात उपास धरणारे आमचे शेठजी! त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "म्हणजे," ते म्हणाले, "एका शास्त्रात एकाहत्तर आणि धर्माच्या शास्त्रात नापास? विलायतेचं सल्फेट येतं आणि आपल्या भगवानांची भाषा येत नाही? जैनांच्या घरात?"

कंचन तांदळाचं सूप घेऊन दारात उभी होती. मला वाटलं, आता रडते. ती म्हणाली, "बापूजी, सल्फेट मी समजून पाठ केलं होतं. अर्धमागधी नुसतीच पाठ केली होती."

शेठजींनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग त्यांनी टोपी घातली आणि तडक उपाश्रयात गेले. आले ते सांगतच, यंदा चातुर्मासाला ज्या साध्वीजी येणार आहेत त्यांना अर्धमागधी उत्तम येते, विनंती करून आलो आहे, त्या रोज दुपारी शिकवतील. "पुढच्या मार्चला पुन्हा बसेल," असं मला म्हणाले. मग थांबून कंचनकडे वळले आणि तेच पुन्हा थेट तिला म्हणाले, "बसशील ना?"

ती हसली, गुलाब. सूप हातातून सुटलं आणि निवडलेला, न निवडलेला सगळा तांदूळ एक झाला. दिवलीबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "आते परत निवडा!" आणि आम्ही तिघी खाली बसून हसत हसत निवडत राहिलो.

आता तुझ्या पत्राविषयी. जसोदाला चार महिने इकडे पाठवावं, साध्वीजींपाशी धर्म शिकायला, असं तू लिहितेस. धर्म शिकायला! बरं. हुकमीचंदजींना तसंच सांग, त्यात खोटं काही नाही. बाकी जे शिकायचं ते दोघी चुलीपुढे शिकतील. पुढच्या वर्षी एकीऐवजी दोघी जळगावच्या केंद्रावर बसल्या तर ताटं वाढायला मी तुझ्याकडे येऊन राहीन.

जसोदाला आणायला मी अमरचंदला पाठवणार नाही. स्वतः येते. शनिवारच्या गाडीने. लग्नानंतर तीन वर्षांत आपण एकमेकींना पाहिलेलं नाही आणि मी बरीच जाड झाले आहे, तेव्हा डब्याच्या दाराशी नीट बघ. स्टेशनवर नोकराला पाठवू नकोस, तू ये. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही. तूही ठरवू नकोस. कंचन हट्टाने बरोबर येते आहे. ती आणि जसोदा फलाटावर भेटल्या की आपल्याला बोलायला जागा मिळेल असं मला काही वाटत नाही. आपण दोघींनी सामान उचलावं आणि मागून चालावं.

तुझी जीजी,
भंवरी